गाडीने गावाला जाताना मुलांना कसं रमवायचं? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, पनवेल या पट्ट्यातून सुट्टीत गाड्या निघतात त्या मुख्यतः तीन दिशांना: कोकणात, द्रुतगती मार्गाने पुणे-सातारा-कोल्हापूरकडे, नाहीतर कसारा चढून नाशिककडे. पालक पुन्हा पुन्हा विचारतात ते प्रश्न खाली घेतले आहेत. उदाहरणं जास्त करून कोकणच्या रस्त्याची आहेत. सहा-आठ तासांचा प्रवास, मधे घाट आणि कधीही लागू शकणारी कोंडी, असा मुलांची आणि त्यांच्याहून जास्त पालकांची परीक्षा बघणारा रस्ता तोच.

खेळण्यांची भरगच्च पिशवी नेली तरी मुलं तासाभरात कंटाळतात. मग न्यायचं तरी किती?

किती नेलं यापेक्षा कधी काढलं याला महत्त्व आहे. बहुतेक घरांत होतं असं: सोसायटीच्या गेटबाहेर पडताच मुलं पिशवी उघडतात, शिळफाट्याच्या नाहीतर मुंब्रा बायपासच्या गर्दीत सगळं एकदा हाताळून होतं आणि पनवेल यायच्या आत नवलाई संपते. खरं तर पहिला तास मुलांना काहीच लागत नाही. निघण्याचा उत्साह असतो, बाहेर बघायला खूप असतं. पळस्पे फाटा मागे पडेपर्यंत पिशवी मोठ्यांच्या पायाशी आणि चेन बंद, एवढं पाळलं तरी निम्मं काम होतं.

त्यानंतर साधारण तासाला एक वस्तू. नवी काढायची तर जुनी परत पिशवीत गेली पाहिजे. जितक्या तासांचा प्रवास, तितक्या वस्तू आणि वर दोन जास्तीच्या, एवढा हिशोब पुरतो.

आणि घड्याळाइतकंच रस्त्याकडे बघा. सरळ, सपाट रस्त्यावर हात आणि डोळे दोन्ही वापरायचे खेळ चालतात. घाट लागला की फक्त कान आणि तोंड, म्हणजे गोष्टी, गाणी, कोडी. गाडी कोंडीत उभी असली की बारीक तुकड्यांचे, एरवी सीटखाली घरंगळणारे खेळ काढायचे. हे उलटं झालं, म्हणजे घाटात चित्रकला आणि कोंडीत भेंड्या, की एकतर पोट ढवळतं नाहीतर चिडचिड होते.

पिशवीत नेमकं काय भरावं? (वय ४ ते ८)

सगळ्यात उपयोगी वस्तू बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचं झाकण. साधारण ए-४ कागदाएवढं झाकण मांडीवर ठेवलं की पाट होतो, कडा उंच असल्याने काही घरंगळत नाही, आणि त्यावर चुंबकाची अक्षरं किंवा चित्रं चिकटतात. घरातलं स्टीलचं ताट घ्यायचं ठरवलं तर आधी फ्रिजवरचा चुंबक लावून बघा. जेवणाच्या बऱ्याच स्टीलच्या ताटांना चुंबक चिकटत नाही, अॅल्युमिनियमला तर नाहीच. चुंबक मोठ्या आकाराचेच हवेत. बारीक गोळ्यांसारखे ताकदीचे चुंबक गाडीतच काय, लहान मूल असलेल्या घरातही नकोत. दोन गिळले गेले तर आतड्याचा भाग मधे चिमटला जातो आणि शस्त्रक्रियेची वेळ येते.

बाकी सामान: एक बांधीव कोरी वही (सुटे कागद एसीच्या वाऱ्याने उडतात), रंगीत पेन्सिली जाड आणि बोथट, पाण्याने रंगवायचं पुस्तक, स्टिकरचे दोन-तीन कागद, घडीकामासाठी चौकोनी कागद, पत्त्यांचा कॅट आणि एखादं कापडी बाहुलं. मेणाचे खडू नेऊ नका. जेवायला थांबताना गाडी उन्हात राहिली की ते वितळतात आणि सीटच्या कापडात जिरतात. स्केचपेनची टोपणं हरवतात, मातीचा लगदा सीटच्या शिवणीत जाऊन बसतो. स्टिकर काचेवर लावू द्या, काचेवरून ते ओल्या फडक्याने निघतात. सीटच्या कव्हरवरून निघत नाहीत.

टणक, जड खेळणी मागेच ठेवा. जोरात ब्रेक लागला तर लोखंडी मोटार पुढच्या माणसाच्या डोक्यावर येते.

गाडी सीएनजीची असेल तर डिकीत सिलिंडरमुळे जागा कमी, म्हणून ही पिशवी सामानाच्या तळाशी जाते आणि मग वडखळला सगळं खाली उतरवावं लागतं. ती सगळ्यात शेवटी भरायची, हात पोचेल अशी.

दर दहा मिनिटांनी ‘अजून किती वेळ?’ यावर काय उत्तर द्यायचं?

‘तीन तास’ या उत्तराचा पाच वर्षांच्या मुलाला काही उपयोग नाही. त्याला दिसेल असं उत्तर हवं. आदल्या दिवशी ड्रॉइंग पेपरची एक पट्टी कापा, १० सेंटीमीटर रुंद आणि ६० सेंटीमीटर लांब (दोन तुकडे चिकटवले तरी चालतं). एका टोकाला घर, मग ओळीने ठिकाणं. ठाण्याहून चिपळूणला जाताना ती अशी येतात: कळवा, तुर्भे, कळंबोली, पळस्पे, कर्नाळा, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड, माणगाव, महाड, पोलादपूर, कशेडी, खेड, परशुराम, चिपळूण. प्रत्येकापाशी मुलाकडूनच एक चित्र काढून घ्या. कर्नाळ्याला अंगठ्यासारखा सुळका, कशेडीला बोगदा, परशुरामला देऊळ. कपडे वाळत घालायचा चिमटा म्हणजे आपली गाडी. गाव गेलं की चिमटा पुढे.

यात दोन गोष्टी हमखास चुकतात. एक, ठिकाणांमधली जागा किलोमीटरप्रमाणे आखली जाते. ती वेळेप्रमाणे आखा, तासाला ८ सेंटीमीटर धरा. नाहीतर शहराबाहेर पडतानाच्या रखडपट्टीत चिमटा जागचा हलत नाही आणि मुलाचा पट्टीवरचा विश्वास उडतो. दोन, शेवटचं ठिकाण गावाचं नाव असतं. चिपळूण आलं म्हणजे मामाचं घर आलं असं मूल धरून चालतं आणि पुढची वीस मिनिटं भारी जातात. म्हणून गावाच्या पुढे पेट्रोल पंप, देऊळ, गल्लीचं वळण, फाटक असे चार-पाच टप्पे आणखी टाका.

थोड्या मोठ्या मुलांसाठी याच रस्त्यावर नद्या मोजायचा खेळ छान जमतो. खारपाड्याला पाताळगंगा, नागोठण्याला अंबा, कोलाडला कुंडलिका, महाडला सावित्री, खेडजवळ जगबुडी, चिपळूणला वाशिष्ठी. पूल यायच्या आधी नाव सांगितलं तर गुण. पाणी कुठून कुठे वाहतंय तेही ओळखायला सांगा. आपण दक्षिणेकडे जातोय, समुद्र उजव्या हाताला, म्हणजे पाणी डावीकडून उजवीकडे जाणार. खारपाड्याला भरतीच्या वेळी उलटंही दिसू शकतं, आणि मग गाडीत मस्त वाद होतो.

सामान न लागणारे, तोंडी खेळ कोणते?

भेंड्या सगळ्यांना येतात, पण गाडीत त्या दहा मिनिटांत मोडतात. कारण नियम आधी ठरलेले नसतात. गाण्याच्या भेंड्यांत ‘ण’ आला तर ‘न’ आणि ‘ळ’ आला तर ‘ल’, जोडाक्षर आलं तर शेवटचा वर्ण, हे निघतानाच ठरवा. सहा वर्षांच्या आतल्या मुलाला गाण्याऐवजी त्या अक्षराचा नुसता शब्द सांगायची मुभा द्या, म्हणजे ते खेळात टिकतं.

गावांच्या भेंड्या गाण्यांपेक्षा जास्त वेळ चालतात. उदाहरणार्थ: पेण, नागोठणे, नाशिक, कणकवली, लांजा, जव्हार, रोहा, हातखंबा, बदलापूर, राजापूर, रत्नागिरी. थोड्याच वेळात लक्षात येतं की अर्धी गावं ‘पूर’ने संपतात आणि ‘र’ची गावं आटतात. रोहा, रामटेक, राहुरी, रावेर, राजगुरुनगर असा साठा मोठ्यांनी राखून ठेवावा, नाहीतर एकदा वापरलेलं गाव दुसऱ्या फेरीत चालेल असा नियम करावा.

‘मी मनात धरलंय’ हा घाटातला सगळ्यात भरवशाचा खेळ. एकाने वस्तू मनात धरायची, बाकीच्यांनी हो किंवा नाही एवढंच उत्तर येईल असे प्रश्न विचारायचे. मोठ्यांना वीस प्रश्न, लहानांना मोजू नका. चार-पाच वर्षांचं मूल मनातली वस्तू मधेच बदलतं. त्यावर उपाय सोपा: त्याने ती आधी शेजारच्या आजीच्या कानात सांगायची.

आठवणीची साखळी: ‘मी गावाला गेलो आणि पिशवीत नेला आंबा.’ पुढच्याने आंबा सांगून आपली वस्तू जोडायची. दहा-बारा वस्तूंना भले भले अडखळतात, आणि बहुतेक वेळा मोठी माणसं आधी.

कोड्यांसाठी पुस्तक लागत नाही. ‘सुपभर लाह्या, त्यात एक रुपया’ (चांदण्या आणि चंद्र), ‘बत्तीस चिरे, त्यात नागीण फिरे’ (दात आणि जीभ), ‘कोकणातून आली सखी, मानेवर दिली बुक्की, तिच्या घरभर लेकी’ (लसूण). आजी-आजोबा गाडीत असतील तर हा विभाग त्यांच्याकडे द्या आणि निवांत गाडी चालवा. लहान मुलांना उत्तर आलं नाही की लगेच सांगू नका. पुढच्या गावापर्यंत विचार करायला दिला की कोडं वीस मिनिटं पुरतं.

बोगद्यात श्वास रोखून धरायचा खेळ मुलं आपसात खेळतात. तो बंद करा. कशेडीचा बोगदा जवळजवळ दोन किलोमीटरचा आहे, समृद्धी महामार्गावरचा इगतपुरीचा तर आठच्या आसपास. त्याऐवजी डोळे मिटून आकडे मोजायला सांगा. ताशी ६० ने दोन किलोमीटर म्हणजे १२० पर्यंत मोजणं. उजेड आल्यावर ज्याचा आकडा सगळ्यात जवळ तो जिंकला.

नंबरप्लेटचा खेळ कसा खेळायचा?

महाराष्ट्रातल्या गाडीच्या पाटीवर एमएच नंतरचे दोन आकडे नोंदणीचं ठिकाण सांगतात. आपल्याकडे ०४ म्हणजे ठाणे, ४३ नवी मुंबई, ४६ पनवेल, ०५ कल्याण, ४८ वसई. वाटेत ०६ पेण, ०८ रत्नागिरी, ०७ सिंधुदुर्ग. घाटावरच्या गाड्यांत ०९ कोल्हापूर, १० सांगली, ११ सातारा, १२ पुणे, १४ पिंपरी-चिंचवड, १५ नाशिक. एवढी यादी पुठ्ठ्यावर लिहून मागच्या सीटवर द्या.

गुण असे ठेवा: ०४, ४३ आणि ४६ ला शून्य, कारण पनवेलपर्यंत त्यांचाच महापूर असतो. ज्या जिल्ह्यातून जातोय तिथल्या गाडीला एक, बाकीच्या महाराष्ट्राला दोन, शेजारच्या राज्याला तीन, शेजार सोडून दूरच्या राज्याला पाच. आकड्यांनी सुरू होऊन मधे बीएच असलेली पाटी भारत मालिकेची, तिला चार.

वाचता न येणाऱ्यांना रंग द्या. पांढरी पाटी खाजगी, पिवळी भाड्याची, हिरवी विजेवर चालणारी. काळ्या पाटीवर पिवळी अक्षरं म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने घेतलेली गाडी. गोव्याकडे जसजसं जाल तसतशा या वाढतात.

एकच काळजी: चालवणाऱ्याला ‘बाबा, ती बघा ना!’ म्हणायचं नाही. पंच पुढच्या डाव्या सीटवरचा.

नऊ-दहा वर्षांच्या मुलांना हे सगळं बाळबोध वाटतं. त्यांचं काय?

त्यांना काम द्या. रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दोन पाट्यांमधला वेळ मोबाइलच्या घड्याळावर मोजायचा आणि ३६०० ला त्या सेकंदांनी भागायचं, की गाडीचा वेग निघतो. ६० सेकंद लागले तर ताशी ६०, ४५ लागले तर ८०, ३६ लागले तर १००. मग गाडीचा काटा काय दाखवतोय ते विचारायचं. काटा बहुधा थोडा जास्तच दाखवतो, आणि तो का, यावर पुढचा अर्धा तास जातो.

जुन्या पद्धतीचे किलोमीटरचे दगड दिसले तर त्यांच्या डोक्याचा रंग ओळखायला सांगा: पिवळा राष्ट्रीय महामार्ग, हिरवा राज्य महामार्ग, नारिंगी गावाकडचा रस्ता. महामार्ग सोडून आत वळलं की रंग बदलतो. फाटा चुकला का हेसुद्धा त्यावरून कळतं.

तेरा-चौदाच्या पुढच्यांकडे गाण्यांची निवड, फास्टॅगमधली शिल्लक, नकाशा आणि पुढचा थांबा ठरवणं सोपवा. बाकी त्यांना कानात काहीतरी घालून खिडकीबाहेर बघत बसायचं असेल तर बसू द्या. ती वेगळी करमणूकच आहे, त्यात तुम्ही नसता एवढंच.

घाटात उलटी होते. खेळणं तर दूरच.

गाडी लागते ती कान आणि डोळे यांचा मेळ बसत नाही म्हणून. कानाच्या आतला तोल सांभाळणारा भाग सांगतो की आपण वळतोय, हलतोय. वहीत किंवा मोबाइलमध्ये खुपसलेले डोळे सांगतात की सगळं स्थिर आहे. हा त्रास दोन ते बारा वर्षांच्या मुलांत जास्त दिसतो.

म्हणून घाट सुरू व्हायच्या दहा मिनिटं आधी वही, पुस्तक, मोबाइल सगळं बंद. कशेडी किंवा परशुराम घाट असेल तर पोलादपूर आणि खेड ही खूणगाठ बांधा, नाशिककडे जाताना कसारा गाव. मुलाला समोरच्या काचेतून दूरचा रस्ता दिसेल असं बसवा. मागच्या मधल्या सीटला खांद्यावरून येणारा पट्टा असेल तर ती जागा चांगली. बुटक्या मुलाला फक्त पुढच्या सीटची पाठ दिसते. बूस्टर सीटने उंची वाढली की पट्टाही नीट बसतो आणि बाहेरचंही दिसतं. काच थोडी खाली, गाडीतला सुगंधी डबा काढून टाका (बऱ्याच मुलांना त्याच वासाने मळमळतं), आणि वळणांवर वेग कमी. मागे मूल पांढरं पडलं, सारखी जांभई द्यायला लागलं, गप्प झालं, की उलटीला पाचेक मिनिटं आहेत असं समजा आणि सुरक्षित जागा बघून थांबा.

रिकाम्या पोटी नेऊ नका, तेलकट खाऊ घालूनही नेऊ नका. निघण्याच्या तासभर आधी पोळी किंवा भाकरी, वाटेत आलेपाकाचा छोटा तुकडा. औषध द्यायचंच तर बालरोगतज्ज्ञांकडून आधी लिहून घ्या, वजनाप्रमाणे मात्रा ठरते. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. दोन वर्षांच्या आतल्या बाळाला तर स्वतःच्या मनाने काहीच नाही. गोळी साधारण अर्धा ते एक तास आधी द्यावी लागते. मळमळ सुरू झाल्यावर दिलेली पोटात टिकत नाही.

आइस्क्रीमचा एक लिटरचा रिकामा डबा झाकणासकट जवळ ठेवा, आत प्लास्टिकची पिशवी घालून. नुसती पिशवी ऐन वेळी उघडत नाही आणि मुलाच्या हातातून वाकडी होते, डबा धरता येतो. सीटवर सांडलंच तर आधी जाड पुठ्ठ्याने खरवडून काढा, गार पाण्याच्या फडक्याने टिपा, मग खायचा सोडा भुरभुरून वाळेपर्यंत ठेवा आणि झाडून घ्या. गरम पाणी नको, दुधाचा अंश कापडात घट्ट बसतो.

मोबाइल द्यावा की नाही?

द्यावा, पण रडण्यावर उतारा म्हणून नाही. रडलं की मिळतो हे एकदा कळलं की पुढचे पाच तास रडणंच चालतं. प्रवासाच्या दुसऱ्या निम्म्यात, ठरलेल्या दोन गावांच्या मधे द्या: ‘माणगाव ते महाड’. मिनिटांवर भांडण होतं, गावाच्या पाटीवर होत नाही. घाटात अजिबात नाही.

आदल्या रात्री सगळं उतरवून घ्या आणि मोबाइल फ्लाइट मोडवर टाकून एकदा चालवून बघा. घाटात रेंज जाते, आणि काही अॅप उतरवलेलं चित्र दाखवतात पण चालवताना इंटरनेट मागतात. मांडीवर मोबाइल ठेवला की मान खाली जाते आणि लवकर मळमळतं. पुढच्या सीटच्या पाठीला डोळ्यांच्या उंचीवर नीट घट्ट बसवलेला बरा. हेडफोनचा आवाज निम्म्याच्या वर नको. रात्री प्रकाश अगदी कमी करा, त्याचं प्रतिबिंब चालवणाऱ्याच्या काचेत पडतं.

आमचं मत विचाराल तर चित्रांपेक्षा ऐकायच्या गोष्टी बऱ्या. घाटातही चालतात आणि गाडीतले सगळे एकच गोष्ट ऐकतात.

दोन वर्षांच्या आतलं बाळ असेल तर?

करमणुकीपेक्षा वेळापत्रक सांभाळा. मागे बाळाशेजारी एक मोठं माणूस हवंच. रुमालाची लपाछपी, कागदाची पिशवी चुरगळणं, चमचा-वाटी, ओळखीची बडबडगीतं एवढं पुरतं. खेळणं सारखं खाली पडतं, म्हणून ते हातभर नव्हे, वीतभर नाडीने सीटला बांधा. लांब नाडी गळ्याभोवती जाऊ शकते. दर दोन तासांनी बाळाला सीटमधून काढून पाठीवर आडवं झोपवा, पाय मोकळे होऊ द्या. दूध पाजायला गाडी थांबवा, चालत्या गाडीत बाळाला सीटमधून काढू नका.

खाऊ काय न्यावा?

न सांडणारा, न चिकटणारा, न वितळणारा. तूप-साखर पोळीची गुंडाळी, मेथीचे ठेपले, खाकरा, राजगिऱ्याची वडी, केळं, सोललेली मोसंबी. चिवडा आणि भडंग महाडपर्यंत सगळ्या गाडीभर होतात. चॉकलेट नको, कारण सांगायला नको.

पाच वर्षांच्या आतल्या मुलांना चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, गोल द्राक्षं, टणक गोळ्या देऊ नका. खड्ड्यात गाडी आपटली की दाणा श्वासनलिकेत जातो आणि पुढे बसलेल्याला ते कळतही नाही. द्राक्षं उभी चिरून डब्यात घ्या.

खाऊचे छोटे डबे मुलागणिक वेगळे करा आणि त्यांच्या हाती सोपवा. स्वतःचा डबा पुरवून पुरवून खाणं हाच एक खेळ होतो.

मागच्या सीटवर भांडणं होतात.

मधे उशी ठेवा, ती सरहद्द. खिडकीची जागा आणि गाण्याची निवड तारखेवर लावा: विषम तारखेला मोठ्याची, सम तारखेला धाकट्याची. वाद घालायला जागाच राहत नाही. (३१ नंतर लगेच १ येते हे मोठ्याच्या लक्षात आलं तर मात्र तुमचं तुम्ही बघा.) एकाच प्रकारची वस्तू दोघांना द्यायची तर रंगसुद्धा सारखा घ्या.

उन्हावरूनही जागेचं भांडण होतं. कोकणात जाताना सकाळचं ऊन डाव्या खिडकीतून येतं आणि दुपारनंतर परतताना पुन्हा डावीकडूनच. काढता-घालता येणारी जाळी एकच असेल तर ती डावीकडे लावा.

किती वाजता निघावं?

पहाटे साडेचार ते पाच. मुलांना रात्री प्रवासाच्याच कपड्यांत झोपवा आणि उचलून गाडीत बसवा, पट्टा मात्र लावूनच. शहरातून बाहेर पडताना गर्दी नसते, पेण-नागोठण्यापर्यंत मुलं झोपेत असतात आणि माणगावच्या आसपास नाश्त्याला थांबता येतं. रात्रभर प्रवासाचा मोह टाळा. मुलं झोपतात हे खरं, पण चालवणाऱ्यालाही झोप येते.

किती वेळाने थांबावं? शू लागली की काय?

दर दोन तासांनी पंधरा मिनिटं, आणि त्यातली दहा पळण्यासाठी. हॉटेलात शिरून खुर्चीवर बसवलं तर तो थांबा मुलांसाठी थांबा नाहीच. दोरीवरच्या उड्या, गाडीपासून झाडापर्यंत शर्यत, पण वाहनतळाच्या आतल्या बाजूला. गॅस भरायला लागणारी रांगही अशीच वापरा. सीएनजी भरताना तसंही सगळ्यांना उतरावं लागतं.

मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर कडेला गाडी उभी करू नका. कळंबोलीहून चढायच्या आधी सगळ्यांनी जाऊन यायचं, पुढचा थांबा खालापूरचा फूड मॉल. लहान मुलासाठी झाकणाची छोटी बादली आणि जुनं वर्तमानपत्र डिकीत असू द्या. उन्हात बंद गाडीत मुलाला दोन मिनिटंही एकटं सोडायचं नाही, झोपलेलं असलं तरी.

मांडीवर घेतलं की मूल शांत बसतं. थोडा वेळ चालेल ना?

नाही. पुढच्या सीटवर तर मुळीच नाही, एअरबॅग उघडते ती मुलाच्या अंगावर. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मोटार वाहन कायद्याच्या १९४-ब कलमात चौदा वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा बालआसन नसेल तर हजार रुपये दंड आहे. मुलं सीटमध्ये बसत नाहीत कारण ती सीट त्यांना पहिल्यांदा प्रवासाच्या दिवशीच दिसते. पंधरा दिवस आधीपासून बाजारात, शाळेत, बागेत जाताना त्यातच बसवा. सनरूफमधून डोकं बाहेर काढणं ही करमणुकीच्या यादीतली गोष्ट नाही.

गणपतीत कोंडीत तीन तास अडकलो तर?

त्या दिवसांत नेहमीच्या वेळेच्या दीडपट-दुप्पट वेळ धरूनच निघा आणि एक वेगळी, न उघडलेली पिशवी ठेवा. तिचं नावच मुलांना सांगू नका. तिच्यात उभ्या गाडीतले खेळ: छोटा सापशिडीचा पट, पत्ते, ठोकळे, मणी ओवायचा दोरा. पाणी माणशी दोन लिटर, कोरडा खाऊ दुप्पट, दहा हजार एमएएचची पॉवर बँक. शेजारच्या गाडीत मुलं असतील तर काचेवर कागद धरून फुली-गोळा खेळता येतो. गाडी थांबलेली असली तरी मुलांना रस्त्यावर उतरवू नका, कडेने दुचाक्या वेगाने येतात.

परतीला काय वेगळं करायचं?

परतीला उत्सुकता नसते, सगळे दमलेले असतात आणि जातानाचे खेळ शिळे झालेले असतात. म्हणून निम्म्या वस्तू जातानाच बाजूला काढून परतीसाठी राखून ठेवा. मामाने, आजीने दिलेली नवी खेळणी गावातच फोडू नका, गाडीत फोडा. चिमट्याची पट्टी उलटी फिरवून तीच वापरता येते. रविवारी संध्याकाळी द्रुतगती मार्गाचा घाट आणि कळंबोली दोन्ही तुंबतात. सकाळी लवकर निघणं जमत नसेल तर रात्रीचं जेवण मुलांना वाटेतच द्या, दात घासून रात्रीचे कपडे घालूनच पुढे निघा, म्हणजे घरी पोचल्यावर झोपलेल्या मुलाला उठवावं लागत नाही.